डोंगरातून निघालेली बाई

आमच्या मामंजींच्या डोक्यावर मी कधी एक केस पाहिला नाही, आणि त्यांच्या खिशात कंगवा नाही असा एक दिवसही पाहिला नाही. मामंजी म्हणजे माझे सासरे. टक्कल चकचकीत आणि खिशात कंगवा, हे बघून माझ्या माहेरच्यांनी पहिल्याच भेटीत एकमेकांना कोपरं मारली होती. मावशी तर माझ्या कानात कुजबुजली, "सासरा जरा सैल दिसतोय गं, सांभाळून घे." चौदा वर्षं सांभाळून घेतलं. सैल की घट्ट याचा निकाल मात्र परवापरवा लागला, आणि तोही भर सभेत, माइकवर.

मामंजी कंगव्यांच्या कारखान्यात होते. अठराव्या वर्षी धुलाईला लागले आणि साठाव्या वर्षी दाते कापायच्या मशीनवरून निवृत्त झाले. कंगव्याच्या कारखान्यात धुलाई कसली, असं मीही विचारलं होतं. तर त्याचं असं आहे, की तेव्हा नुकते बोलपट आले होते आणि जुने मूकपट कुणाला फुकट दिले तरी नको होते. मग ते डबेच्या डबे वजनावर कारखान्यात यायचे. फिल्म म्हणजे सेल्युलॉइड, आणि कंगवाही सेल्युलॉइडचाच. मधे आडवी येतात ती फक्त चित्रं. ती धुऊन काढायची, हे मामंजींचं काम.

कोमट पाण्याचा लाकडी हौद, त्यात धुण्याचा सोडा, आणि हातात ब्रश. चित्रं सुटून खाली काळा गाळ बसायचा. त्यातून चांदी निघते म्हणून तो गाळ मालक स्वतः कुलपात ठेवायचे. उरलेली कोरी पट्टी दोरीवर वाळत टाकायची. ही फिल्म भलतीच पेटते, म्हणून धुलाईखोलीत दिवा नाही, विडी नाही, नाल ठोकलेले बूट नाहीत. एक मोठी खिडकी, आणि उजेड असेपर्यंतच काम. आता खिडकीशी उभं राहून फिल्म हातातून सोडायची म्हटल्यावर ती उजेडात दिसणारच. एका फुटात सोळा चित्रं. मामंजींनी असे शेकडो सिनेमे हातानं बघितले आणि त्याच हातानं पुसले. त्यातला एकच त्यांनी कायमचा धरून ठेवला.

'बेटावरची बाई' म्हणायचे ते त्याला. मधेमधे येणाऱ्या पाट्या परदेशी भाषेत, त्यामुळे खरं नाव त्यांना कधी कळलंच नाही. दर रविवारी दुपारची जेवणं झाली की मुलं मागे लागणार, "आजोबा, बेटावरची बाई!" आणि मामंजी खुर्चीत सरसावून बसणार.

"समुद्राच्या मधोमध एक बेट," ते सुरू करायचे. "नारळाची झाडं, पांढरी वाळू, आणि मधे धुराचा डोंगर. आकाशातून धूर येतो आणि डोंगराच्या तोंडात शिरतो."

"शिरतो?" मी पहिल्यांदा ऐकताना मधेच बोलले. नवी सून, पण तोंड माहेरून आणलेलं. "धूर बाहेर पडतो, मामंजी."

"आपल्याकडे पडतो," ते म्हणाले. "तिकडे शिरतो."

मग त्या डोंगराच्या तोंडातून एक बाई उसळून वर यायची. पाय आधी, डोकं मागाहून, केस सरळ उभे. अंगावर साधा चटकासुद्धा नाही. कडेवर येऊन उभी राहायची. तिथे एक म्हातारा पुजारी आणि शंभरेक बेटकरी मशाली घेऊन तयारच. बाई जिवंत निघाली म्हणून सगळे इतके खूश, की तिच्याकडे तोंड करून मागे मागे चालत डोंगर उतरायचे. त्या बेटावर मागे चालायचीच पद्धत. पाठ दाखवणं म्हणजे अपमान. पुढे ती बाई किनाऱ्यावर येऊन रडायची, पण तिची आसवं गालावरून वर चढायची आणि डोळ्यांत जायची. मग समुद्रातून एक बुडालेला मोत्यांचा व्यापारी निघायचा, कोरडाठाक. तो तिच्या गालावरून आपली थप्पड काढून घ्यायचा.

"थप्पड काढून घेतो म्हणजे काय हो?" मी.

"गालावर हात असतो. तो सुटतो. सुटल्यावर बाई हसायला लागते. त्याला दुसरं काय म्हणशील तू?"

मग वादळात फुटलेलं जहाज फळीफळीनं जुळायचं, बंदराला लागायचं, आणि बाई आपल्या घरी यायची. दारात बाप उभा, रागानं लाल, बोट बाहेर रोखलेलं. बाई उलट्या पावलांनी उंबरा चढायची. तशी बापाचं बोट खाली यायचं, चेहऱ्यावरचा राग उतरायचा, आणि बापलेक एका टेबलाशी बसून तोंडातला घास काढून ताटात ठेवायचे.

"ईऽ! उष्टं परत ताटात?"

"लोकांच्या पद्धतींना नावं ठेवू नयेत," मामंजी शांतपणे म्हणायचे, आणि झालेली गोष्ट मिटवून ठेवल्यासारखे डोळे मिटायचे.

माझ्या धाकटीनं शाळेत भूगोलाच्या पेपरात लिहिलं, की उष्ण बेटांवरील लोक मागे चालतात व तेथील ज्वालामुखी धूर गिळतात. बाईंनी मला बोलावून घेतलं. शरमेनं माझी मान खाली. घरी येऊन मामंजींना फैलावर घेतलं, तर म्हणतात, "बाईंनी बेट पाहिलंय का?" आता पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं तरी किती! आमच्या ह्यांना म्हटलं, तुम्ही बोला काहीतरी. पण आमचे हे म्हणजे घरातला दुसरा मूकपट.

या गोष्टीला घरात एकच व्यक्ती हसायची नाही, आणि ती म्हणजे आत्याबाई. मामंजींची धाकटी बहीण. लहानपणी तिला ठिणगी म्हणायचे, आणि त्रेसष्टाव्या वर्षीही ती विझलेली नाही. तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. आजही जेवताना पाणी मागावं तशी ती लाल पेन्सिल मागते. मामंजींना ती उठता-बसता 'बावळट' म्हणायची. दादा, बावळटा, चष्मा कपाळावर आहे. दादा, बावळटा, ते मीठ आहे, साखर नाही. मामंजी कधी चिडले नाहीत. पण 'बेटावरची बाई' सुरू झाली की आत्याबाई हातातलं काम ठेवून दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची आणि शेवटपर्यंत ऐकायची.

का, ते तिनंच मला सांगितलं. मी नवीन होते, वाटाणे सोलत होतो दोघी.

ती अठरा वर्षांची असताना त्यांच्या घरचं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. दुरुस्तीला एक माणूस आला. तीन दिवस येत राहिला आणि चौथ्या दिवशी ठिणगीला घेऊन गेला. घड्याळ काही चालू झालं नाही. अकरा महिन्यांनी त्याला दुसऱ्या कुणाच्या घरचं घड्याळ सापडलं, आणि ही परक्या शहरात एकटी उरली. तिचे वडील, म्हणजे माझे आजेसासरे, वजनंमापं तपासणारे सरकारी निरीक्षक. भलता करडा माणूस. तिचं नाव घरात काढायचं नाही असा त्यांचा हुकूम होता. हिनं दादाला कारखान्याच्या पत्त्यावर पत्र टाकलं, की बाबांना विचार, येऊ का? आणि नाही म्हणाले तर तसं कळव, म्हणजे मी कुणाची वाट बघत बसणार नाही.

"दादानं काय करावं?" आत्याबाई म्हणाली. "माझ्यासाठी रदबदली केली? पाया पडला? छे! त्या आठवड्यात यानं बेटावरची बाई धुतली होती. डोक्यात तेच. दोन संध्याकाळी बाबांना तो सिनेमा सांगत बसला, बावळट!"

आणि गंमत बघा. आजेसासरे माणसाच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचे नाहीत, पण यंत्रावर ठेवायचे. काटा खोटं बोलत नाही, तसा कॅमेराही खोटं बोलत नाही, असं त्यांचं मत. त्यांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस?" मामंजी म्हणाले, "खिडकीशी उभं राहून, बाबा." "बापानं मुलीला घरात घेतलं?" "बोट खाली केलं आणि घेतलं." आजेसासरे म्हणाले, "मग असं करतात तर लोक. येऊ दे."

"तेव्हा एक ध्यानात ठेव," वाटाण्याची शेंग माझ्यावर रोखून आत्याबाई म्हणाली. "मी या घरात कुणाच्या दयेवर राहत नाही. बाबांच्या नाही, दादाच्या तर नाहीच नाही. मला सिनेमानं घरात घेतलंय. माझ्यावर कुणाचे उपकार नाहीत."

आणि खरंच ती तशीच राहिली. घरच्या मालकिणीसारखी, सगळ्यांना टोचत, कुणाचं एक न ऐकता. चव्वेचाळीस वर्षं तिच्या ताठ मानेखाली तो सिनेमा होता, हे मला कळत होतं. कळत असूनही मी जे केलं त्याला काय म्हणावं? हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

वर्तमानपत्रात एक जाहिरात आली होती. आमच्या शहरातल्या चित्रपट-संग्रहालयाला एका हरवलेल्या मूकपटाची माहिती हवी होती. 'बेटावरची अभागिनी', सात रिळं, जगात एकही प्रत शिल्लक नाही. शेवटची प्रत याच शहरात नष्ट झाली असावी. धुराचा डोंगर, मोत्यांचा व्यापारी, म्हातारा पुजारी. कुणी पाहिला असल्यास कळवावं. मी उड्या मारत मामंजींना दाखवलं.

"अभागिनी कसली?" मामंजी म्हणाले. "चांगली घरी आली की." आणि कागद घडी करून माझ्या हातात परत दिला. "राहू दे. कशाला उगाच."

राहू दे म्हटल्यावर मी ऐकणारी नव्हे. मला वाटलं, बुजतायत. संध्याकाळी पोस्टकार्ड टाकून मोकळी झाले.

तिसऱ्या दिवशी संग्रहालयाचा माणूस दारात. उंच, मान लांबलचक, आणि प्रत्येक गोष्टीची टिपणं घेणारा, म्हणून मुलांनी त्याचं नाव ठेवलं टिपणराव. मी चहा दिला तर त्याचीही वेळ लिहून घेतली. जगात हा सिनेमा पाहिलेला एकच माणूस सापडला, आणि तोही सिनेमा पुसणारा! टिपणरावांना आनंदानं बसवेना. सहा आठवडे दर मंगळवारी टेपरेकॉर्डर घेऊन येत होते. मामंजी पहिल्यांदा आढेवेढे घेत होते, पण नंतर त्यांनी रविवारी सांगायचे तीच गोष्ट तश्शी सांगितली. धूर शिरला, आसवं चढली, थप्पड निघाली.

मला वाटलं, आता हा शहाणा माणूस हसेल. कसला हसतोय! त्यानं लेख लिहिला. दिग्दर्शकानं मुद्दाम काळाचा ओघ फिरवला आहे, जगातला असा हा पहिलाच प्रयोग, वगैरे बारा पानं. त्याच्या डोक्यात विद्वत्ता इतकी भरलेली, की साधी गोष्ट शिरायला जागाच नव्हती. वर त्यानं गावभर फिरून ती फिल्म धुतली त्या सालचे अकरा जुने कंगवे मिळवले आणि काचेच्या कपाटात मांडले. खाली पाटी: 'बेटावरची अभागिनी, उपलब्ध अंश'. एका कंगव्याचे चार दाते तुटलेले. त्याबद्दल खाली लिहिलं होतं, 'प्रत सदोष'.

मग कार्यक्रम ठरला. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता संग्रहालयाच्या हॉलमध्ये मामंजी स्वतः सिनेमा सांगणार. माहितीपत्रक छापायचं होतं. आमच्या घरातच मुद्रितं तपासणारी आहे म्हटल्यावर टिपणरावांनी ते काम आत्याबाईकडे दिलं. हे आधीच ठरलेलं होतं, हे लक्षात ठेवा.

मंगळवारी टिपणराव वेळेच्या आधी आले, आणि मामंजींकडे न जाता थेट स्वयंपाकघरात. चेहरा पांढराफटक. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं हवापाण्याचं बोलायला लागले.

"काय झालंय ते सांगा," मी म्हटलं. "कणीक तिंबतेय मी, वेळ नाही."

त्यांनी खिशातून एक पातळ पुस्तिका काढली. कुठल्याशा परदेशी संग्रहालयानं पाठवलेली. त्या काळी थिएटरच्या दारात विकायचे तसली, आत सिनेमाची पूर्ण गोष्ट. बापानं मुलीला घराबाहेर काढलं. ती जहाजावर चढली, जहाज फुटलं, बेटावर लागली. व्यापाऱ्यानं तिला फसवलं, मारलं, आणि बुडून मेला. पुजाऱ्यानं तिची वरात काढून डोंगरावर नेलं आणि शेवटी तिनं धुराच्या तोंडात उडी घेतली. समाप्त.

"म्हणजे उलटं?" माझा हात कणकेतच राहिला.

"थिएटरात सिनेमा दाखवून झाला की रीळ शेवटाकडून बाहेर राहतं," टिपणराव म्हणाले. "परत गुंडाळून सरळ करावं लागतं. भंगारात द्यायच्या सिनेमासाठी ती मेहनत कोण करणार? डबेही उलटे रचलेले. वहिनी, तुमच्या सासऱ्यांनी सिनेमा शेवटाकडून बघितला. आणि मी त्यावर बारा पानं लिहिली."

"मग गप्प बसा की! पुस्तिका चुलीत घाला."

"मी संशोधक आहे हो."

"संशोधक आहात तर सहा आठवडे काय झोपला होतात?" मी अशी कडाडले, की ते दोन पावलं मागे सरले. मी त्यांना सगळं सांगितलं. घड्याळवाला, पत्र, वजनंमापंवाले आजेसासरे. हा सिनेमा सुलटा झाला तर आमच्या घरातली एक बाई उघड्यावर पडेल. तुमची बारा पानं गेली खड्ड्यात, पण तिचं काय?

टिपणरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही आधी का नाही बोललात? मी माहितीपत्रक दुरुस्त करून सकाळीच छापखान्यात दिलं. त्यात खरी गोष्ट आहे. त्याचं मुद्रित..."

मी हात न धुताच आत्याबाईच्या खोलीकडे पळाले.

ती खिडकीशी बसली होती. पुढ्यात मुद्रित. एका ओळीत सुटलेला स्वल्पविराम लाल पेन्सिलनं घातलेला, समासात सही केलेली. कागद माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "एकच चूक होती. बाकी सगळं बरोबर आहे."

मग पलंगाखालची ट्रंक ओढली आणि साड्या भरायला लागली.

"आत्याबाई, वेड लागलंय का? कुठे निघालात?"

"नोकरदार बायकांच्या वसतिगृहात. तिथली व्यवस्थापिका माझ्या ओळखीची आहे. शनिवारचा कार्यक्रम झाला की जाईन. दादाचा विचका नको करायला."

"अहो पण का?"

"का म्हणजे?" तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच बावळट. "सिनेमात बापानं मुलीला बाहेर काढलं. म्हणजे मला बाहेर काढायला हवं होतं. दादानं रीळ उलटं धरलं म्हणून मी आत आले. इतकी वर्षं मी मान वर करून जेवले ती एका मूर्खाच्या चुकीवर. छपाईतली चूक सापडली की ती ठेवत नाहीत, काढतात."

मी रडले, भांडले, मुलांना पुढे केलं. काही उपयोग नाही. ट्रंकेला कुलूप लागलं. शेवटी मी मामंजींकडे गेले आणि हात जोडले, की तुम्ही तरी काही बोला, तुमची बहीण चाललीय. मामंजी अंगणात नखं कापत बसले होते. आत्याबाई माझ्या मागोमाग आली आणि म्हणाली, "दादा, तुझा सिनेमा उलटा होता."

"हो का," मामंजी म्हणाले.

हो का! बस्स! मग दुसऱ्या हाताची नखं. मला इतका संताप आला की वाटलं, नेलकटर घेऊन विहिरीत टाकावा. बहीण घर सोडून निघालीय आणि हा माणूस करंगळी बघतोय! त्या तीन दिवसांत मी त्यांना वाढलं, पण बोलले नाही. तेही जेवले थोडंच. आत्याबाई जेवलीच नाही म्हटलं तरी चालेल. तिनं मीठ मागितलं नाही, की कुणाला टोचलं नाही, आणि एकदाही 'बावळट' म्हणाली नाही. ते गप्प घर मला सहन होईना.

शनिवारी हॉलमध्ये साठ खुर्च्या होत्या. एक्केचाळीस भरल्या, त्यांत घरचेच आम्ही आठ. आत्याबाई तिसऱ्या रांगेत कडेला बसली. ट्रंक दाराशी पहारेकऱ्याजवळ ठेवलेली, जाताना उचलायची म्हणून. टिपणराव उभे राहिले. दोनदा घसा खाकरला, माझ्याकडे बघितलं, मी डोळे वटारले. पण माहितीपत्रक सगळ्यांच्या हातात होतंच. लोक वाचत होते, आणि कंगव्याच्या कपाटाकडे बघून हसू दाबत होते. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मोठ्यानं विचारलंच, "म्हणजे आजोबांनी आख्खा सिनेमा उलटा बघितला, आणि कळलं नाही?"

हॉल हसला. खो खो हसला. माझे कान तापले. एवढा राग होता, तरी आपल्या माणसाला परके हसले की लागतंच.

टिपणराव कसनुसे झाले आणि त्यांनी माइक मामंजींपुढे धरला. मामंजी उठले. हसणं थांबेपर्यंत उभे राहिले.

"मी तीनशेवर सिनेमे धुतले," ते म्हणाले. "सगळे उलटेच यायचे. सरळ गुंडाळलेलं एक रीळ कधी आलं नाही. कामावर पहिल्या दिवशी उस्तादानं पहिली गोष्ट हीच सांगितली होती, की बाळा, इथे आधी मेलेले लोक येतात, मग त्यांची लग्नं होतात. ते धुलाईवाल्याला कळत नसेल तर कुणाला कळेल?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आत्याबाई उभी राहिली होती.

"दादा," ती म्हणाली. "म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"हो."

"बाबांना सांगितलंस तेव्हाही?"

"तेव्हाही."

"मग बाबांना खोटं सांगितलंस तू!"

"खोटं एक अक्षर नाही. हाताला जसं आलं तसं सांगितलं. थप्पडीचं तेवढं शब्दांत जमत नव्हतं, त्याला एक आख्खी संध्याकाळ गेली." मामंजी माइकमध्येच बोलत होते. त्यांना माइक बाजूला करायचं सुचलंच नव्हतं, त्यामुळे हे सगळं घुमत होतं. "मला बहीण परत हवी आहे असं म्हटलं असतं, तर बाबांनी आपल्या दोघांनाही बाहेर काढलं असतं. बाबांना पुरावा लागायचा. माझ्याकडे तेवढाच होता."

"आणि मला? मला का नाही बोललास?" आत्याबाईचा आवाज फाटला. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. "चव्वेचाळीस वर्षं मी तुला बावळट म्हणत आले!"

"म्हणू दिलं," मामंजी म्हणाले. "तुला सांगितलं असतं, की सिनेमानं नाही, मी घेतलंय घरात, तर आठ दिवस राहिली नसतीस. उपकाराचा घास तुझ्या घशाखाली उतरत नाही. मी ओळखतो ना तुला. बावळटाच्या घरी मात्र माणूस खुशाल राहतो."

कुणी हसलं नाही. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. तीन दिवस मी या माणसाला मनातल्या मनात काय काय बोलले होते! त्या नखं कापण्यामागे काय चाललं होतं ते मला आत्ता कळत होतं. बापाला फसवल्याचं कबूल करायचं, की बहिणीला जाऊ द्यायचं, हे ते तीन दिवस मोजत बसले होते.

आत्याबाई तशीच उभी होती. पर्स छातीशी धरलेली, मान ताठ. तिनं एकदा दाराकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे.

"मग आता मी त्या घरात कुणाच्या हुकमानं राहू?" तिनं विचारलं.

"माझ्या," मामंजी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला. "बस खाली."

आणि जन्मात कुणाचं न ऐकलेली आमची आत्याबाई खाली बसली.